तापीकाठचे टोपीकर

खानदेशाला समुद्र नाही. धुळ्याच्या किंवा जळगावच्या माणसाला गलबताची, शिडाची, भरती-ओहोटीची हकीकत सांगू लागले, की तो ती दुसऱ्याच्या घरचे लग्न ऐकावे तशी ऐकतो. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, पुढे पोर्तुगीजांनी गोवे घेतले, वसई आणि दमण घेतले, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण ते सारे कोकणचे आणि मलबारचे प्रकरण. आमच्या काळ्या मातीचा, कपाशीचा आणि ज्वारीचा त्याच्याशी काय संबंध? मी इतिहास शिकवीत असे तेव्हा वर्गात कोणीतरी मुलगा हा प्रश्न दरवर्षी विचारी, आणि तास संपायला पाच मिनिटे उरलेली असताना विचारी. आज दिवाळीच्या सुट्टीत घंटेची भीती नाही, तेव्हा सविस्तर सांगतो.

संबंध आहे तो तापीचा. ही नदी मुलताईला उगम पावते, बुऱ्हाणपुरावरून खानदेशात शिरते, थाळनेरच्या किल्ल्याखालून जाते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. नकाशा समोर ठेवून पाहा. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांमध्ये हे खोरे म्हणजे जणू एक लांबच लांब ओसरी आहे, आणि तिचे एक दार थेट अरबी समुद्रावर उघडते. सुरतेस उतरलेल्या माणसाला आग्र्यास जावयाचे तर दोन वाटा होत्या. एक अहमदाबादेवरून, दुसरी नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर, बुऱ्हाणपूर अशी. ही दुसरी वाट म्हणजे आपल्या घरासमोरून गेलेली वाट. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसिस, सगळे टोपीकर हिच्यावरून गेले, आणि त्यांतल्या पुष्कळांनी रोजनिश्या लिहून ठेवल्या.

तारखांचा एक योगायोग इथे सांगावासा वाटतो. लंडनच्या व्यापाऱ्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीला एलिझाबेथ राणीने सनद दिली ती ३१ डिसेंबर १६०० ह्या दिवशी. इंग्रजांचे पंचांग त्या वेळी युरोपातल्या पुष्कळ देशांपेक्षा दहा दिवस मागे चालत असे; नव्या गणनेने तो दिवस १० जानेवारी १६०१ येतो. आणि अकबराच्या स्वाधीन असीरगड झाला, खानदेशचे फारुकी राज्य बुडाले, तो दिवस १७ जानेवारी १६०१. म्हणजे तिकडे कंपनीचे बारसे झाले आणि थोड्याच दिवसांत इकडे खानदेशचे दोनशे वर्षांचे राज्य संपले. अकबराने प्रांताचे नावही बदलून आपला मुलगा दानियाल ह्याच्यावरून दानदेश असे ठेवले होते. ते नाव टिकले नाही. लोकांनी खानदेशच म्हणावयाचे ठरवले होते, तिथे बादशहाचे काय चालणार?

कंपनी निघण्यापूर्वीच एक इंग्रज बुऱ्हाणपूर पाहून गेला होता. त्याचे नाव राल्फ फिच. तो आणि त्याचे सोबती इराणच्या आखातातील होर्मुझ येथे पोर्तुगीजांच्या हाती सापडले आणि १५८३ साली गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांना जामिनावर सोडवण्यास मदत केली ती फादर टॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा तो हाच. पुढे १५८४ साली फिच गोव्याहून निसटला आणि विजापूर, गोवळकोंडा असे करीत बुऱ्हाणपुरास आला. त्याने काय लिहिले? घरे मातीची आणि गवताने शाकारलेली. पांढरे आणि रंगीत सुती कापड अमाप. आणि आठ-दहा वर्षांच्या मुलामुलींची लग्ने थाटामाटाने लावतात. फिच १५९१ साली मायदेशी परतला. कंपनी काढणाऱ्यांनी त्याला बोलावून त्याची माहिती विचारून घेतली. त्यांनी सर्वांत अधिक कान दिला असेल तो कापडाच्या ह्या बातमीला.

कापडाला इतके महत्त्व का, हे नीट समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट उमगावयाची नाही. युरोपच्या लोकांना हवे होते मसाल्याचे पदार्थ: मिरी, लवंग, जायफळ. ते पिकत जावा-सुमात्रा आणि त्यापलीकडच्या मोलुक्का बेटांत. पण त्या बेटांच्या उकाड्यात विलायतेची जाड लोकरी बनात कोण घेणार? तिथल्या माणसाला हवे होते हिंदुस्थानचे सुती कापड. मग इंग्रजांनी आणि वलंदेजांनी हिशोब असा बसवला, की सुरतेस चांदी आणावयाची, चांदीने कापड घ्यावयाचे, ते बेटांवर नेऊन त्याच्या बदली लवंग भरावयाची, आणि ती घेऊन घरी जावयाचे. ही चांदी तरी कुठली? बरीचशी स्पेनच्या ताब्यातल्या अमेरिकेतली, पोतोसीच्या डोंगरातली. तिथल्या मूळ रहिवाशांना खाणीत राबवून ती काढलेली असे. सुरतेच्या टांकसाळीत ती वितळून तिचे रुपये पडत, आणि ते रुपये दलालाच्या कमरेच्या कसणीतून धरणगावच्या किंवा नवापूरच्या विणकराच्या हाती येत. विणकराला पोतोसीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने रुपया दगडावर वाजवून पाहिला असेल आणि ठेवून दिला असेल.

अमेरिकेतून चांदीच आली असे नाही. आपल्या फराळाच्या चिवड्यातली मिरची तिकडचीच. पोर्तुगीजांनी ती पश्चिम किनाऱ्यावर आणली. आपण तिला मिऱ्यावरूनच नाव दिले आणि मिऱ्यालाच बाजूला सारले. आज नंदुरबारचा मिरचीचा बाजार नावाजलेला आहे, हिवाळ्यात गावाबाहेर पठारीवर लाल गालिचे अंथरल्यासारखी मिरची वाळत असते, आणि आमच्या मातीत ही नव्हतीच कधी असे सांगितले तर आमच्याकडच्या गृहिणी सांगणाऱ्याकडे दयेने पाहतात. तंबाखू, पेरू, पपई, सीताफळ हीही त्याच वाटेने आलेली मंडळी. शिवाय चावी, साबण, पगार, घमेले, पाव हे शब्द पोर्तुगीजांचे. ज्या खानदेशाला समुद्र नाही, त्याच्या स्वयंपाकघरात आणि ओटीवर समुद्र असा येऊन बसला आहे.

आता वाटसरूंकडे वळू. १६०९ साली विल्यम हॉकिन्स हा कंपनीचा कप्तान ह्या वाटेने आग्र्यास गेला. बुऱ्हाणपुरास त्याची गाठ खानखानान अब्दुर्रहीम ह्याच्याशी पडली. हिंदी दोह्यांचा कवी रहीम तो हाच. हॉकिन्सला तुर्की येत होते, खानखानानालाही येत होते, त्यामुळे दुभाष्याविना बराच वेळ गप्पा झाल्या. दुसऱ्याच वर्षी विल्यम फिंच गेला. हा गृहस्थ मोठा चौकस आणि तितकाच तोंडाळ. प्रत्येक मुक्कामाचे अंतर कोसांत, आणि गावाविषयी एक-दोन शब्दांत निकाल. थाळनेरला किल्ला आणि नदी आहे, पावसाळ्यात नावेवाचून पार होता येत नाही, हे ठीक. पण शिंदखेडे हे मोठे परंतु घाणेरडे गाव, असाही शेरा त्याने मारून ठेवला आहे. शिंदखेड्याच्या वाचकांनी रागावू नये. त्या काळचे लंडन काही अत्तराने शिंपडलेले नव्हते.

ह्या सगळ्या रोजनिश्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे ‘चोर’. अमक्या घाटात चोर, तमक्या डोंगरात चोर. हे चोर म्हणजे बहुधा सातपुड्यातले भिल्ल आणि कोळी. माझे ह्यावर एक म्हणणे आहे. डोंगर त्यांचा, वाट त्यांची. तिच्यावरून हजारो बैल चरत जाणार, पाणवठे उपसणार, आणि वाटेचा हक्क कोणी मागितला की तो चोर! बादशहाचे अंमलदार नाक्यानाक्यावर हेच करीत, तेव्हा त्याला जकात म्हणत. फिंच आणि त्याच्या मागून येणारे दोन्हींना कंटाळलेले दिसतात, पण नावे मात्र निरनिराळी देतात.

सगळ्यांत गमतीची हकीकत सर टॉमस रो ह्याची. हा साधा दलाल किंवा कप्तान नव्हे. इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील. जहांगीर बादशहा त्या वेळी अजमेरास होता. रो ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बुऱ्हाणपुरास पोचला; म्हणजे सबंध खानदेश त्याने पंधरा दिवसांत ओलांडला. वाटेत त्याला खाण्याचे हाल सोसावे लागले. मुलूख समृद्ध, गुरे रगड, पण वस्ती अहिंसा पाळणाऱ्या वाण्यांची. मारण्यासाठी जनावर कोणी विकेना, आणि पाव कुठे मिळेना. भाकरी होती; पण राजाच्या वकिलाला भाकरी हे अन्न आहे असे वाटले नाही. चोपड्यास गावाबाहेर तंबू ठोकले तेव्हा डोंगरातल्या ‘चोरां’च्या भीतीने तिथल्या अंमलदाराने रात्री पहारा दिला.

बुऱ्हाणपुरास कोतवाल सामोरा आला, आणि त्याने रोला उतरण्यास जागा दाखवली ती विटांच्या चार खोल्यांची. भट्टीसारख्या, भट्टीएवढ्याच, असे रो म्हणतो. त्याने रागारागाने तंबूतच राहणे पत्करले. मग शहाजादा परवीझ ह्याची भेट. दरबारी म्हणाला, डोके जमिनीला टेकवून मुजरा करा. रोने नकार दिला. रोने बसण्यास खुर्ची मागितली. उत्तर आले की इथे कोणी बसत नसतो. शेवटी तडजोड अशी निघाली, की शहाजाद्याच्या छताला चांदीने मढवलेला एक खांब होता, त्याला वकीलसाहेबांनी टेकून उभे राहावे. इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी खानदेशच्या सुभ्याच्या राजधानीत खांबाला टेकून उभा आहे, हे चित्र मला फार आवडते. दोनशे वर्षांनी कोण कोणापुढे उभे राहिले, हे आठवले म्हणजे ते अधिकच मनात राहते.

रोचे मागणे लहानसे होते. बुऱ्हाणपुरास वखार घालण्याची परवानगी हवी. ती मिळाली. मग शहाजाद्याने खासगी भेटीचे वचन दिले; पण रोने नजर केलेल्या वस्तूंत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती, आणि शहाजाद्याने तिचा समाचार इतक्या तातडीने घेतला की भेट राहूनच गेली. रोलाही इथेच ताप भरला आणि तशा आजारपणातच त्याने पुढची वाट धरली. हाच रो पुढच्या वर्षी कंपनीला लिहितो की किल्ले, फौजा, जमिनीवरच्या लढाया ह्यांच्या नादी लागू नका. पोर्तुगीज त्यानेच भिकेला लागले. समुद्रावर राहा आणि मुकाट्याने व्यापार करा. सल्ला चांगला होता. कंपनीने तो शंभराहून अधिक वर्षे बऱ्यापैकी पाळला, हेही नमूद केले पाहिजे.

शतकाच्या मध्यावर फ्रान्सचा जवाहिऱ्या ताव्हेर्निये इथून अनेकदा गेला. सुरत ते बुऱ्हाणपूर १३२ कोस, असे तो सांगतो. त्याच्या नजरेला ओझी आणि भाव बरोबर दिसत. लमाणांच्या तांड्यांत दहा-दहा, बारा-बारा हजार बैल असत. अरुंद वाटेत असा तांडा समोरून आला, की गाड्यांना दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. बुऱ्हाणपूरची तलम, पारदर्शक वस्त्रे, जरीच्या पट्ट्यांच्या ओढण्या इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात. पण तो रमतो तो नवापूरला. गाव विणकरांनी भरलेले. आणि तांदूळ असा की दाणा नेहमीच्या निम्मा, शिजवला की बर्फापेक्षा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. बडे लोक दुसरा तांदूळ खात नाहीत, आणि इराणात कोणाला खूश करावयाचे तर ह्या तांदळाची एक गोणी नेतात, असे त्याचे म्हणणे. हिऱ्यांचा व्यापारी तांदळाच्या दाण्यापाशी थबकतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आता धरणगाव. जळगावच्या पश्चिमेचे हे गाव त्या काळी ह्या टापूतली एक भरभराटीची पेठ होती. १६७४ च्या सुमारास तिथे इंग्रजांची वखार होती. सुरत १६६४ आणि १६७० अशी दोनदा लुटली गेली होती, कंपनीची कापडाची मागणी तर वर्षावर्षाला वाढत होती. तेव्हा बंदरात बसून दलालाकडून महाग माल घेण्यापेक्षा जिथे माग आहेत तिथेच जाऊन बसावे, हा त्यांचा विचार. व्यवहाराची रीत अशी, की विणकराला आगाऊ पैसे द्यावयाचे आणि त्याने ठरलेल्या लांबी-रुंदीचे ठाण ठरलेल्या मुदतीत आणून द्यावयाचे. पावसाळ्यात वाटा बंद. तो सरला की गठ्ठे गाड्यांवर चढत आणि सुरतेस जात, कारण विलायतेची जहाजे हिवाळी वाऱ्यावर निघाली पाहिजेत. एक पंधरवडा चुकला तर वर्ष चुकले. आगाऊ रुपया विणकराला मोठा सोयीचा. सूत आणता येते, सण साजरा होतो. पण एकदा घेतला म्हणजे ठाण दुसऱ्याला विकता येत नाही. ह्या दोरीचे दुसरे टोक लंडनला आहे हे त्याला दिसत नव्हते, एवढेच.

वखार पुरती रुजलीही नसेल, तोच मराठे आले. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. त्या समारंभाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर हजर होता आणि त्याच सुमारास तहही झाला. त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे १६७४ संपून १६७५ लागताना, मराठ्यांची फौज खानदेशात उतरली आणि तिने धरणगाव लुटले. त्यांत इंग्रजांची वखारही गेली. इंग्रजांना मोठा अचंबा वाटला. आमच्याशी तह, आणि आमचीच वखार लुटता? सॅम्युएल ऑस्टिन ह्याला त्यांनी १६७५ साली महाराजांकडे भरपाई मागण्यास धाडले. पण धरणगाव मोगलांचे. शत्रूच्या पेठेत दुकान मांडणाराने शत्रूच्या नफ्यात भाग घ्यावयाचा आणि नुकसान मात्र आपल्याकडे मागावयाचे, हे कसे चालेल? पुढे इंग्रजांच्या वखारींना त्रास होऊ नये असा कौल मिळाला, धरणगावची भरपाई मिळाली नाही.

मराठ्यांच्या ह्या स्वाऱ्यांचा अभिमान मलाही आहे; राज्य उभारावयाचे, मोगलांशी झुंजावयाचे, तर पैसा शत्रूच्या मुलखातूनच येणार. १६७० साली खानदेशातल्या गावांकडून चौथाईचे लेखी करार घेतले होते, ते ह्याचसाठी. पण मी खानदेशचा आहे, आणि लुटली गेलेली पेठही माझीच आहे. १६७९ साली धरणगाव पुन्हा लुटले गेले, चोपडेही लुटले गेले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या वेळी हंबीरराव मोहित्यांनी बुऱ्हाणपुराची बहादूरपुरा ही श्रीमंत पेठ लुटली. १६८५ साली धरणगावावर आणखी एक घाला आला. वखारवाल्यांचे नुकसान सुरतेच्या वहीत आण्या-पैशांसह मांडलेले आहे. आगाऊ रुपया घेतलेल्या आणि मागावरचे ठाण अर्धे सोडून रानात पळालेल्या साळ्याचे नुकसान कोणत्याही वहीत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात बसून जुन्या कागदांवरची वाळू झटकताना मला त्या साळ्याची नेहमी आठवण येते. आमच्या राजवाड्यांनी असल्या कागदांपायी जन्म घालवला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी, कंपनीच्या सनदेच्याच तारखेला, धुळ्यात देह ठेवला.

पुढच्या सव्वाशे वर्षांचा पाढा लांबवीत नाही. मोगल गेले, निजाम आणि पेशवे आले, होळकर-शिंद्यांची ओढाताण झाली, १८०३-०४ च्या दुष्काळाने गावे ओस पडली. रोचा सल्ला कंपनी केव्हाच विसरली होती. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये होळकरांनी मंदसोरला तह करून खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला. थाळनेरच्या किल्लेदाराने, तुळशीराम मामाने, किल्ला सोडण्यास विलंब केला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेने दरवाजे गाठले. दारात गोंधळ उडाला, काही इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे तीनशे अरबांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिले. शरण आलेल्या किल्लेदाराला फाशी का, असा प्रश्न खुद्द विलायतेच्या पार्लमेंटात निघाला. फिंचने ज्या किल्ल्याची एका ओळीत नोंद केली होती, त्याच किल्ल्यात हे घडले.

कंपनीचा पहिला अंमलदार कॅप्टन जॉन ब्रिग्ज ह्याने आपले ठाणे धुळ्यास केले. १८१९ साली धुळे म्हणजे जेमतेम अडीच हजार वस्तीचे खेडे. त्याच्या शेजारी त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. हाच ब्रिग्ज फेरिस्त्याच्या फारसी इतिहासाचा भाषांतरकार. आणि १८२५ साली लेफ्टनंट औट्रम ह्याने भिल्लांची पलटण उभी केली ती धरणगावास. लुटलेल्या वखारीनंतर बरोबर दीडशे वर्षांनी इंग्रज धरणगावात परत आला, तो कापड घेण्यास नव्हे. आणि ज्यांना त्याच्या आजोबा-पणजोबांनी चोर म्हणून लिहून ठेवले होते, त्यांनाच वाटेचे रखवालदार म्हणून पगार देऊ लागला.

ती वाट अजून आहे. सुरतेहून जळगावपर्यंत तापी खोऱ्याची रेल्वे १९०० साली पुरी झाली, आणि थाळनेर-चोपडे तेवढे नदीपलीकडे ठेवून ती जवळजवळ फिंच आणि रो ह्यांच्याच मागाने येते: नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. सुरतेकडे कामाला गेलेली आमची मुले दिवाळीला ह्याच गाडीने घरी येतात. आणि त्यांतल्या पुष्कळांचे काम तिथे मागावरचेच असते. नवापूरच्या स्टेशनातून १९६० पासून राज्याची हद्द जाते, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. गाडी तिथे थांबली, की उतारू उतरून मुद्दाम दोन्हीकडे एकेक पाय ठेवून उभे राहतात, आणि बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आपण कोणत्या राज्यात बसलो आहोत ह्याची फारशी फिकीर दिसत नाही.